गाडी कोणाची?

"गाडी कोणाची?" असं ड्रायव्हरमामांना कुणीही विचारो, नाक्यावरचा पोलीस विचारो की गल्लीतलं शेंबडं पोर, उत्तर एकच आणि ताबडतोब: "शेठनी शे," म्हणजे शेठची आहे. प्रश्न संपायचाही अवकाश नाही. दुपारी कधी शेठला घरी सोडून ते सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत भाकरी खायला यायचे, तेव्हा ती लांबलचक पांढरी गाडी दारात उभी राहायची आणि सगळी गल्ली तिच्याभोवती जमायची. दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ देऊन उभा राहिला असता. मामा आधी सगळ्यांना सांगून टाकायचे की ही माझी नाही, आणि मगच हात धुवायचे. माझ्या लग्नात पाठवणीला शेठने तीच गाडी दिली होती. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा बॉनेटला टेकून उभे राहा." मामा उलट दोन पावलं मागे सरले. "मालकाच्या वस्तूला टेकू नये," म्हणाले. त्या फोटोत गाडी आहे, मी आहे, आणि कडेला मामांचा अर्धा खांदा आहे.

नात्याने ते माझे सख्खे मामा नव्हते. माझ्या आईचं माहेर साक्रीच्या पुढचं, त्याच गावचे ते, म्हणून मामा. सुरतेत आले तेव्हा आधी लूमवर होते, मग मार्केटमधल्या एका कापडवाल्या शेठकडे ड्रायव्हर झाले आणि जन्मभर तिथेच राहिले. त्यांची एक सवय मला फार आवडायची. शेठ उतरायचे असले की मामा धावत जाऊन मागचं डावं दार उघडायचे, आणि दुसरा हात दाराच्या वरच्या कडेवर उताणा धरायचे, शेठचं डोकं आपटू नये म्हणून. शेठ गेले, धाकटे शेठ आले, पण तो हात तसाच राहिला. घरी मामी त्यांना टोमणा मारायची, "मन्हासाठे कधी दार उघाडं का हो?" मामा म्हणायचे, "दार आपलं कुठंय?"

मामीचं दुखणं या दारापाशीच होतं. खानदेशातल्या आमच्या माणसांची देवी कानबाई येते श्रावणात. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे पोटाला गेलेले असतील तिथून सगळे भाऊबंद गावी जमतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून दळतात, त्याचा रोट करतात, आणि तो एकत्र बसून खातात. बाहेरच्याला त्यातला घासही देत नाहीत, आणि तो घराबाहेरही नेत नाहीत. अशाच एका कानबाईला मामा-मामी एसटीतून फाट्यावर उतरले आणि चिखल तुडवत घरी पोचले. मोठी जाऊ हसून म्हणाली, "सुरतना ड्रायव्हर वनात! गाडी मालकनी, चिखल घरना." म्हणजे ड्रायव्हर आले, गाडी मालकाची आणि चिखल तेवढा घरचा. सगळ्या बायका हसल्या. मामी हसली नाही. कानबाईसमोर हात जोडून बोलून बसली, "माय, आते घरनी गाडीमाच तुना दारे." म्हणजे आपली गाडी होईल तेव्हाच येईन, नाही तर येणार नाही. आणि त्यानंतर खरंच गेली नाही. मामा दर श्रावणात एकटे एसटीने जायचे, आणि मामी त्या दिवशी दार लावून बसायची.

रागाच्या भरात बोललेला नवस तो. पण देवाशी बोललेलं मागे घ्यायचं कसं, हे आमच्यात कुणाला ठाऊक नाही. ड्रायव्हरच्या घरात गाडी यायची ती कुठून येणार?

मामा रिटायर झाले आणि वर्षभरात मामीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जिथे जायची इच्छा असेल तिथे घेऊन जा, लवकर जा. तिची इच्छा विचारायची गरज नव्हती. माझा नवरा हजीऱ्याला एका कंपनीत आहे. त्याच्या बरोबरच्या एकाने नुकतीच विजेवर चालणारी एसयूव्ही करारावर घेतली होती. विकत नाही घ्यायची, दरमहा भाडं भरायचं, मुदत संपली की परत करायची. गाडी स्वस्तातली, पण उंच आणि ऐसपैस. मामीला चढायला-उतरायला सोपी, आडवं व्हायचं तर मागची सीट मोकळी. मला वाटलं, देवच पावला.

मामांना सांगितलं. तर म्हणाले, "घाई कसानी शे? इचार करू." अहो मामा, घाई कशाची म्हणून काय विचारता! पण ते सुरू झाले. दर रविवारी शोरूममध्ये जाऊन गाडीभोवती फेऱ्या मारायचे. दोनदा चालवून पाहिली. तिथली मुलगी शेवटी वैतागून म्हणाली, "काका, लेवानी छे के खाली जोवानी?" घ्यायची आहे की नुसती बघायची? मामांनी तिलाच उलट विचारलं, "बेन, परत घेणार ती गाडी आमची म्हणायची की तुमची?"  ती बिचारी चार्जिंगचं सांगत बसली.

चार्जिंगची, घाटाची, बॅटरीची काळजी मामांना नव्हतीच. गाडी आवाज करत नाही याचं तेवढं त्यांना नवल वाटलं. घोडं अडलं होतं ते एकाच जागी: ही घरची गाडी म्हणायची का? देवळातल्या महाराजांना विचारलं, ते म्हणाले भाव महत्त्वाचा. कडोदऱ्याच्या साडूंना विचारलं, ते म्हणाले देवी काय कागद बघते का. गल्लीतल्या चहावाल्यालासुद्धा विचारून झालं. सगळे हो म्हणाले तरी मामांचं आपलं तळ्यात-मळ्यात. मामी खाटेवरून ऐकायची. करारबिरार तिला काही कळत नव्हतं, गाडी घेताहेत एवढं कळलं होतं. ती म्हणायची, "तुम्ही इचारच करा. मी मरी जासू तवलोंग."

शेवटी मी भांडले. म्हटलं, "मामा, ही खोली भाड्याची आहे ना? उद्या मालक म्हणाला तर खाली करावी लागेल ना? मग जन्मभर हिला आपलं घर कसं म्हणता?"  "घर म्हटलं खरं," मामा म्हणाले, "पण घरावर नवस बोललो नाही." मग माझ्या डोळ्यांत पाणी बघून म्हणाले, "बरं, घे. पण तिला काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नका. ती विचारणार नाही, तुम्ही बोलू नका, आणि गावात कुणी विचारलं तर नुसतं हसा. एवढं तरी जमेल ना? मामांनी मान हलवली.

त्यांच्या वयाच्या माणसाला करार कोण देणार, म्हणून कागद माझ्या नावावर झाले. गाडी आली तेव्हा गल्लीत नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. "थंड लागस," म्हणाली. मामा तिच्याकडे बघत नव्हते. फडक्याने आरसा पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता.

कानबाईच्या रविवारी आम्ही सकाळी निघालो. मामी मागे, हिरवं लुगडं नेसून, उशाला टेकून. औषधांची पिशवी घेऊन मी पुढे. निघताना मामांनी मागचं डावं दार उघडलं, वरच्या कडेवर हात धरला, आणि मामी चढून बसेपर्यंत धरून ठेवला. तिने वर त्या हाताकडे पाहिलं आणि लाजली. या वयात, त्या दुखण्यात, लाजली! मी पुढच्या काचेकडे तोंड करून बसले.

नवापूरला एका हॉटेलापाशी गाडी चार्जिंगला लावली. मामीला कळेना. "गाडीबी जेवाले बठनी का?" तिने विचारलं, आणि आम्ही तिघंही इतकी हसलो की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. कोंडाईबारीचा घाट हिरवागार झालेला. मामी गाणी म्हणत होती, कानबाईची, आवाज पुरत नव्हता तरी. मधेच म्हणाली, "आज मोठी जाऊ काय म्हनी?" मामा आरशातून तिच्याकडे बघून हसले. तो सबंध दिवस मला तिथेच, घाटात, थांबवता आला असता तर मी थांबवला असता.

गावात पोचलो तर दारापुढे मांडव, आत कानबाईची गाणी, पोरांची धावपळ. ज्यांच्या घरी कानबाई बसते ते मामांचे थोरले चुलतभाऊ, सगळे त्यांना बापू म्हणतात. ते काठी टेकत बाहेर आले. मामांनी धावत जाऊन मागचं डावं दार उघडलं, वर हात धरला. मामीने एक पाय खाली टाकला. बापू गाडीकडे बघून कौतुकाने म्हणाले, अगदी कौतुकानेच, त्यात काही खोच नव्हती:

"वा रे भाऊ! गाडी कोनी शे?"

आणि मामा म्हणाले, "कंपनीनी शे. परत देवानी शे."

प्रश्न संपायच्या आत. जन्मभर म्हणत आले तसंच, छाती काढून, स्वच्छ आवाजात. शब्द बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. दारावरचा हात तसाच राहिला. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली.

मामीने टाकलेला पाय परत आत घेतला.

मग काय विनवण्या झाल्या म्हणता! मोठी जाऊ स्वतः आली. आता दात पडलेली, वाकलेली म्हातारी. आपण कधी काही बोललो होतो हे तिच्या गावीही नव्हतं. मामीचा हात धरून म्हणाली, "उतर ना वं बाई, गाडीनं काय लई बठनी?" मी म्हटलं, मामी, अहो इथवर आलात, देवी काही तुमच्यासारखी हट्टी नाही. मामी कुणावर चिडली नाही, रडली नाही. "तिले काय सांगू?" एवढंच म्हणाली. तिथूनच, गाडीत बसूनच, मांडवाकडे बघून हात जोडले. आत पंगत बसली होती. रोट बाहेर आणता येत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला काही आलं नाही. मग ती म्हणाली, "चाला." मामा पंगतीला न बसताच स्टिअरिंगवर बसले.

परतीच्या वाटेवर  साधी गाडी असती तर इंजिनाचा तरी आवाज झाला असता. या गाडीत काहीच नाही. मामीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, घाटभर.

ती पितृपक्षात गेली. मामा त्या वेळीही रडले नाहीत. तेराव्यानंतर मी त्यांना विचारलं, राहवेना म्हणून. "मामा, एक खोटं बोलता आलं नाही? एकच?" ते म्हणाले, "बोलायचंच ठरवलं होतं गं. तोंडमाईन तेच निंघनं."  माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही. आणि असा माणूस पुन्हा भेटलाही नाही.

करार काही माणसाबरोबर संपत नाही. गाडी दारात उभी राहिली. वरातीमागून घोडं म्हणतात ना, इथे वरातच राहिली नव्हती आणि घोडं दावणीला होतं. लोक म्हणाले टॅक्सीला लावा, मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रोज सकाळी बादली घेऊन धुवायचे. खिडकीतून वायर काढून चार्जिंग करायचे. कुठे जायचे मात्र नाहीत. बॉनेटवरचं कुंकू पुसलं जाईल म्हणून तेवढी जागा सोडून फडकं फिरवायचे. पुढच्या श्रावणातही गावी गेले नाहीत.

मुदत संपली तेव्हा गाडी न्यायला कंपनीचा माणूस आला, कुणी उत्तरेकडचा. मी कामावरून सुट्टी काढून गेले होते. मामांनी मागचं डावं दार उघडलं, सीटवरून एकदा हात फिरवला, दार लावलं. वाळले होते खूप. किल्ली हातात घेऊन तो माणूस गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काका, गाड़ी तो नई जैसी रखी है. किसकी है?"

मामा थांबले. मी त्यांना या प्रश्नावर थांबताना पहिल्यांदाच पाहिलं.

"घरवाली की," ते म्हणाले.

"तो उनको बुलाओ ना काका. साइन लगेगा."

मामा घराच्या दाराकडे वळले. खरंच वळले, हाक मारायला तोंडही उघडलं. मी पुढे झाले, त्या माणसाच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली.