लक्ष्याचं मडकं

ताडी काढणारा लक्ष्या ताडावरून पडून गेला, तेव्हा उधवा गावातल्या शहाण्यासुरत्यांनी त्याच्या बायकोला, बायजीला बजावलं: गेलेल्याचं मडकं घरात ठेवू नये, जीव त्यात अडकून राहतो. शहाण्यांचं काय जातंय सांगायला! बायजीनं त्याचं ताडीचं मडकं लपवून ठेवलं. ते कधी धुतलेलं नव्हतं. तळाचा गाळ राहू दिला की दुसऱ्या दिवशीची ताडी लवकर फसफसते.

बायजी डहाणूत चिकूची वाइन करणाऱ्या कारखान्यात काचेची भांडी धुते. तिथल्या पुष्पाताई चिकूच्या रसाला सुवास आणणारं यीस्ट शोधत होत्या. यीस्ट म्हणजे रस आंबवणारे बारीक जीव, ते ताडीच्या गाळातही असतात, हे ऐकून बायजीनं मडक्यातली चिमूटभर खरवड आणून दिली.

ती घातलेल्या रसाची पहिली बाटली टेबलावर उकाड्यातच राहिली. बूच काढलं आणि बायजीच्या पाठीशी लक्ष्या येऊन उभा राहिला. तोच आंबूस, घामट वास. संध्याकाळी तो उंबऱ्यात टेकला की यायचा तो.

"आलास?" ती बोलून गेली. मागे वळायची मात्र छाती झाली नाही.

मग पुष्पाताईंनी बाटल्या गार कपाटात ठेवल्या, रसात यीस्टचा खुराक वाढवला. वास पालटला. आधी पिकल्या केळ्याचा, मग चक्क गुलाबाचा. पुष्पाताई हरखल्या. बायजीचा जीव तुटत होता. नवरा दुसऱ्यांदा मरत होता आणि या खेपेला रडायचीही सोय नव्हती.

शेवटी तिनं एक बाटली खुराक न घालता गुपचूप खिडकीच्या उन्हात ठेवली. बूच काढलं, तर लक्ष्या हजर. ती खुळ्यासारखी हुंगत बसली, तोच पुष्पाताई आल्या.

"मावशी, ही उन्हात कशी?"

"आधीचा वास बरा होता, ताई."

"अहो, तो त्रासाचा वास. उन्हात, उपाशी ठेवलं ना, की यीस्ट तसा वास सोडतं. गारव्यात पोटभर मिळालं की मग गुलाब."

बायजीनं बाटलीला बूच लावलं. भर उन्हात, रिकाम्या पोटी ताड चढायचा तिचा नवरा. जन्मभर ती ज्याला लक्ष्याचा वास समजली, ती त्याची भूक होती.

पुष्पाताई गेल्यावर तिनं बाटलीत खुराक घातला, ती छातीशी धरून गार कपाटापर्यंत नेली. मागे तो होताच.

"बस गारव्यात," ती म्हणाली. "पोटभर खा. माझ्यासाठी नको येऊस."

त्या संध्याकाळी घरी तिनं मडकं राखेनं घासायला घेतलं. उंबऱ्यातून कोणीतरी उठल्यासारखं वाटलं. तिनं मान वर केली नाही, घासत राहिली.