फोटोतली जमीन

एकाहत्तरच्या लढाईनंतर शिरूरच्या स्टँडवर एक मावशी रोज पेरू विकायच्या. पेरू चिरून, मीठ लावून हातात द्यायच्या, बोलणं मोजकंच. त्यांचा मुलगा सरहद्दीवर कामी आला होता.

एकदा पेपरात, तो पडला त्याच रणभूमीवर फुलं वाहणाऱ्या मंत्र्यांचा फोटो आला. एसटीची वाट बघताना मी तो त्यांना दाखवून म्हणालो, "मावशी, हे फोटोसाठीच जातात."

"जाऊ द्या की, मास्तर. आमाला तिथली वाट बी ठाव न्हाई. कुनीतरी तिथवर गेलं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिथं सावली हाय का, बघा बरं."

मंत्र्यांच्या मागं एक खुरटी बाभळ होती. मी ती दाखवली. बाभळीखालच्या जमिनीवर त्यांनी बोट टेकवलं, ते उचललंच नाही.

माझी दौंडची एसटी सुटली. मी तिथंच पेपर धरून उभा राहिलो.