हरणारा हात

निंबा कॅरम इतका चांगला खेळायचा की त्याला हवं तेव्हा हरता यायचं. हे काही सोपं काम नव्हे. सोंगटी भोकाच्या तोंडाशी नेऊन नेमकी तिथेच थांबवायची, 'अरेरे' म्हणत कपाळाला हात लावायचा आणि समोरच्याला शंकासुद्धा येऊ द्यायची नाही. अमळनेरकडचं गाव सोडून निंबा सुरतेत आला, लूमच्या कारखान्यात चिकटला आणि दुसरी कुठली नाही पण ही विद्या त्याने मन लावून कमावली. कारखान्याचा मॅनेजर गजेंद्रभाई जेवणाच्या सुट्टीत कॅरम मांडायचा आणि जिंकला की दिवसभर खुशीत असायचा. त्याच्याशी निंबा वर्षानुवर्षं हरत आला. बाकीचे रातपाळीत डोळे फोडत असताना निंबाला दिवसपाळी मिळाली, ती अशी.

घरी मात्र तो उलटंच सांगायचा. नवागाम वस्तीतल्या खोलीत जेवायला बसला की आज गजेंद्रभाईला पुन्हा कसं धुतलं, त्याचं तोंड कसं झालं, याचं रसभरीत वर्णन. बायको, ज्योती, साड्यांचे धागे कापता कापता हसायची. पोरगी वर्षा तर लहानपणी गल्लीभर सांगत सुटायची की माझे पप्पा मॅनेजरला हरवतात. निंबाला तेव्हा थोडं लाजल्यासारखं व्हायचं, पण घरातल्या घरात वाघ व्हायला कोणाच्या बापाचं काय जातं?

वर्षा आता तेरा वर्षांची झाली होती आणि टेबल टेनिस खेळत होती. शहरातल्या एका सेवा क्लबाने तिच्या शाळेला टेबल दिलं होतं. बाकीची पोरं त्यावर दप्तरं ठेवायची, ही त्यावर खेळली आणि चांगली खेळली. क्लबाने तिला बूट दिले, क्लबाचे प्रशिक्षक भूपेंद्र सर आठवड्यातून एकदा येऊन शिकवू लागले. यंदा क्लब एका खेळाडूचा वर्षभराचा भार उचलणार होता. रोजचं प्रशिक्षण, चांगली रॅकेट, बाहेरगावच्या स्पर्धा, सगळं. आपल्या मिळकतीत ते सात जन्मात जमणार नाही हे निंबाला ठाऊक होतं. वर्षा की कोसाडच्या शाळेतली दुसरी मुलगी, ते नाव जाहीर व्हायचं होतं क्लबाच्या वार्षिक खेळमेळाव्यात. तिथे आधी सभासद आणि ही मुलं एकमेकांशी मौजेचे सामने खेळणार होती.

निंबाने आपल्या परीने विचार केला. देणारे कोण? सभासद. मग खूश कोणाला ठेवायचं?

"बेटा, मोठा मानसे शेतस त्या," रिक्षात तो वर्षाला म्हणाला. "हारी जाय."

"काबर? सर तो बोले, अच्छे से खेलना."

"सर थोडाच देतस? देनारा त्या शेतस. मनं ऐक."

मेळाव्याचा हॉल होता ते अडाजण येईपर्यंत वर्षा रस्त्याकडे बघत बसली.

हॉलची फरशी इतकी चकचकीत होती की निंबाने चपला दाराबाहेर काढल्या. आत सगळे बूट घालूनच फिरत होते. परत जाऊन चपला घालून येताना त्याला वाटलं, आख्खा हॉल आपल्या पायांकडेच बघतोय. तो भिंतीला धरून उभा राहिला.

वर्षासमोर चिठ्ठीने शैलजाताई नावाच्या सभासद आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या नाशिकच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. हौस मात्र दांडगी. वर्षाने सुरुवातीला दोन चेंडू असे मारले की ताई जागच्या हलल्या नाहीत. मग तिने भिंतीकडे, बापाकडे पाहिलं. त्यानंतर तिचे चेंडू जाळीत जाऊ लागले. शेवटचा चेंडू गेला तेव्हा तिने 'अरेरे' म्हणून कपाळाला हात लावला. निंबा खूश झाला, पण क्षणभरच. तो हात त्याचा होता.

शैलजाताईंना छोटासा कप मिळाला. त्यांनी वर्षाला जवळ घेतलं. "आयुष्यात पहिलं बक्षीस गं माझं," त्या म्हणाल्या आणि खरोखरच त्यांचे डोळे भरले.

जेवणाच्या टेबलापाशी भूपेंद्र सर क्लबाच्या अध्यक्षांना सांगत होते, "हाथ अच्छा है, पण लोग सामने बैठे तो टूट जाती है. इस साल कोसाडवाली लडकी को दो."

निंबाने ते ऐकलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गप्प बसणं त्याला अवघड नव्हतं, जन्मभर तेच केलं होतं. पण पलीकडे वर्षा रिकामी ताटली धरून, मान खाली घालून उभी होती, आणि तिने एका शब्दाने बापाचं नाव घेतलेलं नव्हतं. निंबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो सरांसमोर गेला. "सर, पोरनी चूक नही. मीच सांगं व्हतं तिले, हारी जाय म्हनीसन."

सरांना अर्धंच कळलं. शेजारी उभ्या शैलजाताईंना सगळं कळलं. त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. "खरं का गं?" वर्षाने मान हलवली. ताईंनी कप कोशिंबिरीच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि रॅकेट उचलली. "चल. आणि आता दया दाखवलीस तर बघ."

ताटातल्या जिलब्या गार व्हायच्या आत सामना संपला. ताईंना जेमतेम एक गुण मिळाला. वर्षाचं नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या, ताईंनीही वाजवल्या. पण त्या जेवायला थांबल्या नाहीत. दारात निंबापाशी आल्या.

"भाऊ, मी हरले असते तर मला चाललं असतं. एवढी लहान समजलात मला?"

आपण मान दिला असंच निंबा इतका वेळ समजत होता. ताई गुडघा सांभाळत पायऱ्या उतरल्या. कप आतच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी निंबाला सुट्टी होती. ज्योतीने शेजारच्या खोल्यांत साखर वाटली. वर्षाने खाटेमागचा जुना कॅरम काढला आणि बापासमोर मांडला. सोंगट्या लावता लावता, वर न बघता तिने विचारलं, "गजेंद्रभाई संगे बी असंच ना?"

ज्योतीची कात्री थांबली. निंबाला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण पोरगी वाट बघत होती.

"हा," तो म्हणाला.

"मंग मना संगे खरं खेळा."

निंबा खेळू लागला, आणि अगदी खरं खेळायचं असं ठरवून खेळू लागला. राणी सरळ भोकासमोर आली, लहान पोरानेही घेतली असती अशी. त्याने नीट नेम धरला. पण मारायच्या क्षणी बोट आपोआप ढिलं पडलं. राणी घरंगळत गेली आणि भोकाच्या तोंडाशी थांबली. निंबाचा हात कपाळाशी पोचलाही होता.

"मुद्दाम?" वर्षाने विचारलं.

"नही वं बेटा," निंबा म्हणाला. तो अगदी खरं बोलत होता.

वर्षाने मान खाली घातली आणि सोंगट्या डबीत भरायला सुरुवात केली.