तुळईची चौथी बाजू

वैष्णवीला एका जागी बसवणं म्हणजे दिव्यच. मेडशीच्या उकंडरावांची ही एकुलती एक लेक चहासुद्धा उभ्यानं प्यायची. तिची आई रुख्मिणीबाई वैतागून म्हणायची, "या पोट्टीच्या पायाले काय भिंगरी बांधून पाठवली देवानं?" आणि नशिबाची गंमत बघा, या भिंगरीला काम मिळालं ते दिवसभर खुर्चीत बसायचं.

काम तरी कसलं? तिकडे थंड मुलखात लाकडाच्या मोठमोठ्या इमारती बांधतात. शाळा, दवाखाने, काय काय. त्यातल्या काहींच्या तुळयांचा हिशेब नागपूरच्या एका कंपनीकडे येतो, आणि त्यातला बराचसा मेडशीजवळच्या मालेगावात बसस्टँडजवळच्या हार्डवेअर दुकानाच्या माडीवर बसून आपली वैष्णवी करते. तुळई वजन पेलेल का, वाकेल का, आणि आग लागली तर माणसं बाहेर पडेपर्यंत उभी राहील का. हसू नका. लाकूड जळतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण जाड लाकूड भसकन जळत नाही. बाहेरून कोळसा होत जातो आणि आतला गाभा बराच वेळ भार धरून ठेवतो. आग किती बाजूंनी लागेल ते ठरवायचं, तेवढा कोळसा वजा करायचा आणि उरलेला गाभा पुरतो का ते बघायचं. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. त्याला खरं सांगायचं काम माणसाचं.

उकंडरावांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पारावर त्यांची छाती फुगलेली. "आमची वैष्णवी बाहेरदेशातल्या बिल्डिंगा पास करते!" पोरीच्या लग्नाची घाई करणाऱ्या पाहुण्यांना त्यांनी याच नोकरीच्या जोरावर चहा पाजून परत पाठवलं होतं. म्हणजे नोकरी गेली की पाहुणे पुन्हा दारात, हे वैष्णवीला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. आगीचा हिशेब सुधारलाय म्हणे. वैष्णवीला कुठला धीर! नवं काम यायच्या आधीच तिनं एक जुनं, पास झालेलं काम उघडून पाहिलं. बालवाडीची इमारत होती, मधे मोठा हॉल. बटण दाबलं आणि हॉलच्या सगळ्या तुळया लालभडक. नापास! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं लगेच नागपूरला ढोकणे सरांना फोन लावला. सर तिचे वरिष्ठ. तिनं केलेलं प्रत्येक काम तपासून सही तेच करायचे. बोलणं असं शुद्ध की पुस्तकातून वाचतायत असं वाटावं.

"वैष्णवी, घाबरू नका," सर म्हणाले. "नव्या व्हर्जननं नियम बदललेत, त्याचा हा गोंधळ आहे. इमारत बांधणाऱ्या पार्टीचाही हेच विचारायला फोन आला होता, मी त्यांना तसंच कळवलंय. जुनं काम जुन्या व्हर्जनमध्ये पास आहे. ते उघडूच नका."

झालं, विषय संपला. दुसरी कोणी असती तर सुटकेचा श्वास टाकून घरी गेली असती. पण हिचं डोकं थाऱ्यावर राहील तर ना! कोळसा किती वेगानं होतो तो आकडा नव्या व्हर्जनमध्ये बदलला होता खरा, पण अगदी जरासा. तेवढ्यानं सगळ्या तुळया कशा नापास होतील? संध्याकाळी एसटीत तेच, जेवताना तेच. उकंडराव काही विचारायला लागले तर ती त्यांच्यावरच खेकसली, आणि मग तिलाच वाईट वाटलं.

सकाळी रुख्मिणीबाई चुलीवर भाकरी करत होती. घर धाब्याचं, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैष्णवी कपबशी हातात धरून, अर्थात उभीच, वर बघत होती. चुलीवरची तुळई धुरानं काळीकुट्ट झालेली. खालून काळी. डावीकडून काळी. उजवीकडून काळी.

आणि वरून?

"काय पाहून राह्यली वं वर? पाल हाय काय?" आईनं विचारलं.

"माय, हे लाकूड वरच्या अंगानं काळं असन काय?"

"वरून मातीत गाडलं हाय ते. मातीतलं लाकूड कायले काळं होईन? सकाळी सकाळी येडी झाली काय?"

वैष्णवीनं कपबशी तशीच खाली ठेवली. जुनं व्हर्जन विचारायचं, आग किती बाजूंनी? ती दर वेळी तीन लिहायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला. तीन नाही तर किती? ज्या घरात ती रांगली, तिथं आग वरून येऊच शकत नव्हती. पण बालवाडीच्या त्या हॉलमध्ये उजेड यावा म्हणून छत तुळयांच्या बरंच वर उचललेलं होतं. तुळया चारी बाजूंनी उघड्या. नवं व्हर्जन विचारत बसत नव्हतं, ते नकाशा पाहून स्वतःच बाजू मोजत होतं. सॉफ्टवेअरचा काही गोंधळ नव्हता. गोंधळ तिचा होता, आणि जुन्या व्हर्जनमध्येही तो तितकाच होता.

मालेगावला येईपर्यंत तिनं एसटीत तीनदा जागा बदलली. माडीवर आली, कॉम्प्युटर चालू केला, बंद केला, खाली उतरली. टपरीवाला भाऊसिंग म्हणाला, "ताई, चहावर चहा चालू हाय आज. परीक्षा हाय काय?" तिनं तोही चहा अर्धाच सोडला.

विचार तरी काय करायचा होता? खापर अपडेटवर फुटलं होतं. खुद्द सरांनीच फोडलं होतं. ही गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आग काय रोज लागते? कदाचित कधीच लागणार नाही. आणि सांगितलं तर नोकरी गेलीच समजा. बाबांची पारावरची छाती, परत गेलेले पाहुणे, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. पण तुळया कारखान्यातून निघाल्या होत्या, याच आठवड्यात चढणार होत्या. तिनं नकाशा उघडला. कुणीतरी हौसेनं त्यात हॉलच्या जमिनीवर छोट्या छोट्या गाद्या काढल्या होत्या. दुपारी लेकरांना निजवायला. अगदी तुळयांच्या खाली, ओळीनं. आजवर तिनं त्या कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. आता मात्र त्यांच्यावरून नजर हलेना, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं फोन उचलला. बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"सर, ते बालवाडीचं. अपडेट बरोबर आहे. चूक माझी आहे. मी तीन बाजू धरल्या, तिथं चार आहेत. तुळया चढू देऊ नका."

ती तशीच पुढं बोलत राहिली.

"सर, मले माहीत आहे, नोकरी..." घाईत तिच्या तोंडून घरचं 'मले' निघून गेलं.

"थांबा," सर म्हणाले. माऊसची टकटक ऐकू आली. वैष्णवी माडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. आता शिव्या येतील, आता राजीनामा मागतील. येऊ देत एकदाच्या, तिला वाटलं, पण बोला काहीतरी!

"वैष्णवी, हे मी तपासलं होतं," सर हळूच म्हणाले. "माझ्या आधी इथल्या ऑफिसातल्या दोघा पोरांनी तपासलं होतं. एक रिसोडचा, एक कारंज्याचा, दोघंही आपल्याकडच्या धाब्याच्या घरातले. तीन वाचून कुणाचीच भुवई वर गेली नाही."

"पण लिहिलं तर मीच ना, सर?"

"तू लिवलं. आमी वाचलं." पुस्तकातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आमच्या घरी बी वरून मातीच होती वं. तीनच्या वर बाजू असते, हे डोक्यातच आलं नाई."

वैष्णवी फिरता फिरता खुर्चीपाशी येऊन थांबली.

"पार्टीले मी फोन लावतो. तुळया थांबवतो. चूक आमची हाय, सॉफ्टवेअरची नाई, असंच सांगतो. मंग तुह्या नोकरीचं पाहू अन् माह्या बी. तोवर बाकीचे कामं उघड. दोन वर्षांचे सगळे. मी बी इकडून उघडतो."

पार्टीला फोन करून त्यांनी पुन्हा तिला लावला, आणि दोघांनी फोन चालूच ठेवला. वैष्णवी खुर्चीत बसली. तिनं एक दवाखाना उघडला, नव्या व्हर्जनला दिला. हिरवा. मग एक वाचनालय उघडलं.

"सर," ती म्हणाली, "इथं लाल हाय."

"हो," सर म्हणाले. "इकडे बी."