खंडेनवमीनंतरचा रविवार

होटगी रस्त्याला, वस्ती संपून माळ सुरू होतो तिथं एक खासगी विद्यापीठ आहे. तिथल्या रसायनशास्त्र विभागात चन्नम्मा तेरा वर्षं कंत्राटावर होती. कामाचं नाव प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचेची भांडी धुवायची, बाटल्या जागच्या जागी लावायच्या, ओटे पुसायचे आणि कुणाच्या हातून काही फुटलं की, "सरका, हात नका लावू, मी बघते," म्हणत सुपली घेऊन धावायचं. शिक्षण दहावीपर्यंत, तेही मराठी शाळेत. घरात बोलणं कानडी. रसायनांची इंग्रजी नावं तिनं देवाची नावं पाठ करावीत तशी पाठ केली होती. नव्यानं आलेले प्राध्यापकही कपाटात शोधण्याआधी तिलाच विचारायचे.

रोज पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय ती पाणी पीत नसे. नवरा गुरुसिद्धप्पा रेल्वेतून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "तुझा देव आणि तुझ्या बाटल्या. मधल्या वेळात आमी." ती म्हणायची, "मधला वेळ मिळतोय ते बघा की."

गेल्या वर्षापासून विद्यापीठानं रविवारचा वर्ग काढला होता. जिल्हाभर परीक्षा घेऊन अकरावी-बारावीची चोवीस हुशार मुलं निवडायची आणि त्यांना बी.एस्सी.च्या तोडीचं रसायनशास्त्र स्वतःच्या हातानं करायला द्यायचं. बऱ्याच मुलांनी आपल्या कॉलेजात परीक्षानळी फक्त काचेच्या कपाटात पाहिलेली. इथं पांढरे कोट, डोळ्यांना चष्मे, समोर बर्नर. पहिले दोन रविवार पोरं नुसती इकडून तिकडं बघतच असायची.

त्यांतली महेश्वरी मंद्रूप गावची. पहिल्या दिवशी तिचे वडील रुद्रप्पा तिला सोडायला आले आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. चन्नम्मा बादली घेऊन आली. तिच्या गळ्यातलं लिंग आणि कपाळावरची विभूती पाहून ते कानडीत बोलायला लागले.

"अक्का, घरात सगळे नको म्हणत होते. मीच ऐकलं पोरीचं. तुमच्या भरवशावर सोडतोय. पण एक सांगून ठेवतो, इथून एक जरी वाकडा शब्द कानावर आला, तर दुसऱ्या दिवसापासून ही घरी. मग वर्ग नाही आणि कॉलेजही नाही."

"काळजी नका करू. माझ्या डोळ्यासमोर असती की," चन्नम्मा म्हणाली.

आणि खरंच तिची नजर त्या पोरीवर असायची. महेश्वरी फार बोलायची नाही, पण एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. रविवारचा वर्ग घेणारे अमरेश सर तरुण होते, कडक होते, आणि वर्षभरात त्यांनी तोंडभरून कुणाचं कौतुक केलं असेल तर तिचंच. वर्ग सुटला की ती चन्नम्माला भांडी विसळू लागायची.

"मावशी, पुढच्या परीक्षेला तुम्हीच बसा. मी बाटल्या धुते."

"बसते की. नापास झाले तर तुज्या बापाला काय सांगू?"

यंदा खंडेनवमी बुधवारी आली. चन्नम्माच्या घरची आयुधपूजा लहानपणापासूनची. जे कामाला येतं, त्याची त्या दिवशी पूजा. घरात विळी, पाटा, गुरुसिद्धप्पाचा जुना पाना. प्रयोगशाळेत मात्र विभागप्रमुखांचा नियम होता, दिवा नाही, उदबत्ती नाही. तिनं अमरेश सरांकडे शब्द टाकला. त्यांनी आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली. "व्हरांड्यात करा. आग नको. आणि चन्नम्मा, बाटल्यांना पाणी लावू नका."

ती व्हय म्हणाली. पण धूळ बसलेली वस्तू देवापुढं कशी मांडायची? तिनं ओलं फडकं घेतलं.

तराजू, बर्नर, स्टँड मांडून झाले. मग तिच्या मनात आलं, कचऱ्याच्या बाटल्यांनी काय पाप केलंय? हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, दोन तपकिरी बाटल्या असायच्या. अगदी जुळ्या. डावीकडच्या बाटलीत वापरून झालेलं ॲसिड, उजवीकडच्या बाटलीत ॲसिटोन वगैरे. दुसऱ्यांची घाण पोटात घेणाऱ्या बाटल्या, त्यांना आधी मान पाहिजे. तिनं त्या उचलून आणल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे मांडली आणि पुसली. जुनी लेबलं ओल्या फडक्यानं सुटून हातात आली. काही बिघडत नाही, म्हणत तिनं ती वाळत घातली.

पूजेला मांडलेल्या वस्तूंचं तोंड पूर्वेला पाहिजे, म्हणून मांडणी झाल्यावर ती पलीकडच्या बाजूला, वस्तूंच्या समोर जाऊन बसली. विभूती लावली, बेल वाहिला, झेंडू ठेवला. लेबलं वाळली होती. तिथंच बसल्या बसल्या तिनं डावीकडच्या बाटलीला ॲसिडचं लेबल लावलं, उजवीकडच्या बाटलीला दुसरं, आणि लेबलं बघून दोन्ही बाटल्या जागेवर नेऊन ठेवल्या.

शनिवारी संध्याकाळी भाकरी थापताना तिचा हात थांबला.

मांडताना ती अलीकडं होती. लेबलं लावताना पलीकडं. म्हणजे डावी कुठली आणि उजवी कुठली?

"काय झालं?" गुरुसिद्धप्पानं विचारलं. "करपायला लागली भाकरी."

"काय न्हाय."

तिनं मनातल्या मनात पुन्हा सगळं मांडून पाहिलं. एकदा वाटलं, उलटं झालं. एकदा वाटलं, नाही, आपण मधे उठून अलीकडं आलो होतो. सांगावं तर सर म्हणणार, पाणी लावू नका म्हटलं होतं ना? तेरा वर्षांनी तिला कायम करण्याची फाईल वर गेली होती, सोमवारी सहीला जायची होती. "सिद्धरामा, बरोबरच असू दे," ती पुटपुटली आणि भाकरी उलटली.

रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. हूडपुढं उभी राहिली. बाटल्या नेहमीसारख्याच दिसत होत्या. झाकण उघडून वास घ्यायचा नाही, हा नियम तिनंच शंभर पोरांना सांगितला होता. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

त्या दिवशी तांब्याचा प्रयोग होता. तांब्याची तार नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, हिरवं-निळं पाणी होतं, आणि चार-पाच टप्प्यांनी तेच तांबं पुन्हा तांबड्या भुकटीसारखं परत मिळवायचं. शेवटी ती भुकटी लवकर वाळावी म्हणून ॲसिटोननं धुवायची. सुरू करण्याआधी अमरेश सरांनी नेहमीची तंबी दिली.

"ॲसिड मोजून दिलंय, ते उरणार नाही. ॲसिटोन उरेल. ते ॲसिडच्या बाटलीत कुणी ओतलं, तर लगेच काही होणार नाही. तेच वाईट आहे. बाटली आतल्या आत तापत राहते, आणि तुम्ही डबा खात बसलेले असता तेव्हा फुटते. त्यामुळं ओतायला एकच जण. महेश्वरी, तू."

कोपऱ्यात फडकं पिळणारी चन्नम्मा पुढं झाली. आत्ता सांगावं. आत्ता. तेवढ्यात कुणीतरी, "मावशी, चिमटा," म्हणालं आणि ती चिमटा द्यायला गेली. परत आली तेव्हा बर्नर पेटले होते, आणि चोवीस पोरांसमोर सरांना बाजूला बोलावण्याचा धीर तिला झाला नाही.

साडेबाराला महेश्वरीनं सगळ्यांचं ॲसिटोन एका मोठ्या चंचुपात्रात गोळा केलं. हूडपाशी जाऊन लेबल वाचलं. खाली वाकून पुन्हा वाचलं. मग सावकाश ओतलं आणि जराशी मागं सरली.

"मावशी, ह्या बाटलीला आज वेगळाच वास येतोय का हो? नाकाला झोंबतंय."

चन्नम्माला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "तुला वास घ्यायला कुणी सांगितलं? झाकण लाव आणि हो बाजूला."

पोरीनं झाकण घट्ट लावलं.

एक वाजता पोरं डबे घेऊन लिंबाखाली गेली. महेश्वरीची मंद्रूपची गाडी तीनला होती, म्हणून ती ओट्याशी बसून वही पुरी करत होती. चन्नम्मा फरशी पुसत होती. पुसत पुसत ती हूडपाशी आली, परत मागं गेली, परत आली. शेवटी तिनं बोटांची मागची बाजू बाटलीला लावली.

चहाची किटली असावी तशी बाटली तापली होती. गळ्यापाशी काचेच्या आत तांबूस धूर फिरत होता.

तिनं हूडची काच खटकन खाली ओढली. "महेश्वरी, ऊठ. भायेर हो."

"दोनच आकडे राहिलेत, मावशी."

"ऊठ म्हणते की!" तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं. वही खाली पडली. दोघी व्हरांड्याच्या टोकाला पोचल्या असतील, तेवढ्यात आत आवाज झाला. मोठा नव्हता, बसका होता. पण पायाखालची फरशी हलली.

अमरेश सर धावत आले. हूडच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा गेल्या होत्या, पण काच जागेवर होती. आत तांबूस धुराशिवाय काही दिसत नव्हतं. पंख्यानं तो ओढून घेतल्यावर दिसलं, दोन्ही बाटल्यांचा चुरा झाला होता. लेबलांचा पत्ता नव्हता.

"तू कुठल्या बाटलीत ओतलंस?"

"बरोबरच्या, सर. मी वाचून ओतलं."

"बरोबरच्या बाटलीत ओतलं असतंस तर हे झालं असतं?"

महेश्वरी हुशार पोर, सरांच्या बोलण्यातला हिशेब तिला पटत होता. ॲसिटोन ॲसिडमध्ये गेलं. ओतणारी ती एकटीच. "मी दोनदा वाचलं होतं," ती हळू म्हणाली. मग आणखी हळू, "निदान तसं वाटतंय मला."

सरांनी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं. नियमानं नाव कमी करावं लागेल, असं सांगितलं आणि तिथंच उभं राहून रुद्रप्पांना फोन लावला. फोन थोडक्यात आटोपला. "चन्नम्मा, हिला स्टॉपवर सोडून या," ते म्हणाले. "आणि तुम्ही होता म्हणून पोरगी वाचली. मी तसं लिहितो."

चन्नम्मानं ते कौतुक खाली मान घालून घेतलं.

फाटकाबाहेर स्टॉपच्या बाकावर दोघी बसल्या. ऊन कलत नव्हतं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन दुचाक्या गेल्या.

"मावशी," महेश्वरी समोर बघत म्हणाली, "माझे डोळे तपासायला पाहिजेत का?"

"का गं?"

"मला ते लेबल आत्ताही दिसतंय. ॲसिटोनचंच. दोनदा वाचून दोनदा चुकलं असेल, तर मग मी जे वाचते त्यावर भरवसा कसा ठेवायचा? पुस्तकातलंसुद्धा?"

पोरीचा वर्ग गेला होता, आता उद्या कॉलेजही जाणार होतं. पण हे त्याच्याही पुढचं होतं. गावातल्या घरात, चुलीपुढं, ही पोर जन्मभर स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेत बसली असती.

"तू बरोबर वाचलंस," ती म्हणाली.

महेश्वरीनं वळून पाहिलं.

"लेबलंच उलटी लागली हुती. मी लावली हुती, पूजेच्या दिवशी. कालपासून शंका हुती मला."

"कालपासून?"

"व्हय."

"म्हणजे मी वास येतोय म्हटलं तेव्हा..."

"तेव्हाबी."

पोरीनं मांडीवरची पिशवी उचलली आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मंद्रूपची गाडी आली. चन्नम्मानं हात करून ती पुढं जाऊ दिली. "चल," ती म्हणाली. महेश्वरी उठली, पण तिच्या मागं दहा पावलं अंतर ठेवून चालत राहिली.

अमरेश सर विभागाला कुलूप लावत होते. चन्नम्मानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फडक्यापासून.

"पाणी लावू नका म्हटलं होतं मी."

"व्हय सर. म्हटलं हुतं."

"उद्या तुमची फाईल सहीला जायची आहे."

"ठाऊक आहे."

सरांनी कुलूप तसंच लोंबतं सोडलं. "पूजेची परवानगी माझी होती. यात माझंही नाव येणार. प्रमुख ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत." मग दूर खांबाला टेकून उभ्या असलेल्या महेश्वरीकडे त्यांची नजर गेली आणि आवाज उतरला. "सकाळी सांगितलं असतं तर? ती आत बसलेली होती, चन्नम्मा."

त्यांनी खिशातून महेश्वरीनं लिहिलेला कागद काढला.

"हिचा कागद मी फाडतो. तुमचा लिहून द्या. पण तिच्या वडिलांचं मला सांगता येत नाही. पोरीला पुन्हा पाठवणार नाही म्हणाले आणि फोन ठेवला. आता माझं ऐकायचे नाहीत ते."

"नंबर द्या," चन्नम्मा म्हणाली.

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. महेश्वरी खांबापासून जराही हलली नव्हती, पण तिची मान इकडं वळली होती. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. पलीकडून पिठाच्या गिरणीची घरघर येत होती.

"मी विद्यापीठातली चन्नम्मा," ती कानडीत म्हणाली. "तुम्ही पोरगी माझ्या भरवशावर सोडली होती. चूक तिची नाही. माझी आहे. फोन ठेवू नका. सगळं ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा."

पलीकडून नुसती घरघर येत राहिली. मग गिरणी बंद केल्यासारखी ती थांबली.

"बोला," रुद्रप्पा म्हणाले.

चन्नम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि खंडेनवमीपासून सांगायला सुरुवात केली.