पोच्यासकट तांब्या

आमच्या बर्मिंगहॅमच्या लायब्ररीत एक मराठी गृहस्थ येतात; दर शनिवारी खिडकीजवळ बसून ते जलरंगात चित्रं काढतात. तिथे बसून बसून त्यांना रस्त्यातही कुजबुजत बोलायची सवय लागली आहे. समोर कायम एकच पुस्तक उघडं असतं. त्यात अमेरिकेतल्या जुन्या घरगुती वस्तूंची, लाकडी पाळण्यांची, मातीच्या रांजणांची चित्रं आहेत. "बघा, काढणाऱ्यानं एक ओरखडासुद्धा सोडलेला नाहीये," ते प्रत्येकाला ऐकवतात. इथल्या मराठी घरांतली भांडी तशीच रंगवायची, हा त्यांचा ध्यास.

मी माझ्या आईचा पितळी तांब्या चिंचेनं लखलखीत घासून नेला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "हा शोरूमचा झाला. दोन महिने वापरा, मग आणा." मला रागच आला. पण वापरला, आणि मग त्यांनी तो रंगवला.

लायब्ररीतच त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, पण कुठलं भांडं कुणाच्या घरचं ते चित्राखाली लिहिलेलं नव्हतं. वेम्बलीहून आलेली माझी मावशी त्या तांब्यापुढे थबकली. "अगं, हा आमच्या ताईचा! हा पोचा माझ्याच हातनं पडलाय!"

ते मागेच उभे होते. मूठ उंचावून अख्ख्या लायब्ररीला ऐकू जाईल असे ओरडले, "ओळखला!"