टक्

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आणि माझ्या तोंडून न पडलेलं फार थोडं उरलंय, आमच्या जालन्यातल्या गल्लीत कुणालाही विचारा.

माझी नात रेणू जन्मली तीच उजवा जबडा तोकडा घेऊन. हनुवटी त्या बाजूला कललेली. सहा वर्षांची असताना ऑपरेशन झालं. हाड कापून बारीकसं यंत्र बसवलं. घरी रोज दोनदा त्याची चावी फिरवायची, म्हणजे हाड हळूहळू लांबतं. सकाळची पाळी सुनेची, संगीताची. संध्याकाळी ती बियाण्याच्या कंपनीतून उशिरा यायची, म्हणून तेव्हाची माझी.

चावी फिरली की टक् व्हायचं. पोर कळवळायची. बाहेरून मुलगा विचारायचा, "फिरवली का, माय?"

मी काय केलं? चावी नुसती लावली — आणि जिभेनं टक् केलं! खऱ्यापेक्षा मोठं. काय ती हुशारी! गल्लीभर शहाणपण वाटत फिरणारी बाई मी.

दया आली म्हणून? तसं म्हणायला बरं वाटतं. पण रेणू गळ्यात पडून म्हणाली होती, "आई दुखवती. तू न्हाई दुखवत." ते पुन्हा ऐकायचं होतं मला — रोज.

मग तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, हाड वेळेआधीच जुळलंय, चावी फिरवायची राहिलीय. संगीताचा चेहरा पांढराफटक. आणि मी — रेणूला मांडीवर घेऊन — म्हणाले, "सकाळी कामाची लई घाई असती हो हिला."

पोरीला पुन्हा कापलं. संगीतानं कंपनी सोडली, दोन्ही पाळ्या स्वतः केल्या. यंत्र निघाल्यावरही कितीतरी दिवस रेणू आईचा हात गालाला लागू देत नव्हती. माझ्याजवळ झोपायची.

आता ती पुण्याला नोकरीला. रविवारी व्हिडिओ कॉल करते. चेहरा सरळ झालाय, फक्त हसली की हनुवटी जराशी कलते. संगीता तेवढंच बघत राहते. काय बघते, ते मला ठाऊक आहे.

फोन ठेवताना रेणू जिभेनं टक् करते, माझ्यासाठी. तिला तो आमचा जुना लाड वाटतो. आठवडाभर मी त्या आवाजाची वाट बघते — अजूनही.

"हे काय ओ तुमचं, आत्याबाई?" संगीतानं एकदा विचारलं.

"काही न्हाई गं. खेळ."

परवा तिनंही फोनजवळ तोंड नेऊन टक् केलं. नीट वाजलं नाही. तोवर रेणूनं फोन ठेवला होता.